बाराव्या चादरीची गाठ

११ ऑगस्ट
नववी चादर आज गेली. मधोमध, घडीवर, नेहमीच्याच जागी. आधी केसाएवढी काळी रेघ, मग पट्टा, मग अर्धी चादर आंधळी. जोसेफने यंत्र बंद केलं. "शैला, वाट लागली. चहा घेणार?" वीस वर्षं आम्ही एका खोलीत काम करतोय आणि त्याच्या या दोन वाक्यांत कधी अंतर पडलेलं नाही.

यंत्राला आम्ही बकासुर म्हणतो. दोन जबडे, मिटतात, उघडतात, दिवसभर. जोसेफने मरोळच्या भंगारातून जमवाजमव करून बनवलं. लाखभर घड्या सोसल्या की चादर पास. आमची एकही अजून निम्म्यापर्यंत पोचलेली नाही.

१४ ऑगस्ट
बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता. म्हटलं, कापडासारखा कॉम्प्युटर बनवते. घडी घालायचा, खांद्यावर टाकायचा, पाहिजे तेव्हा पसरून बघायचा. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "धुवायचा कसा?"

इतक्या वर्षांत कुठल्या कमिटीने इतका चांगला प्रश्न विचारलेला नाही. पुढचे चार स्टॉप मी धुतलेल्या चादरी बघत होते, दोरीवर, ओल्या, आणि त्यांच्यावरची अक्षरं वाऱ्याने हलतायत. माझा स्टॉप गेला. वाकोल्याला परत चालत आले.

२० ऑगस्ट
सामंतने बोलावलं. साहेब माझा, वयाने दहा वर्षांनी लहान, वागायला चांगला. म्हणाला, "मॅडम, फेब्रुवारीत बंगळूरची माणसं येणार. चादर पास झाली तर ते पुढे नेतील. नाही झाली तर ही खोली बंद." मला वरच्या मजल्यावर बिजागरीवाल्यांत जागा आहे म्हणाला. दोन काचा, मध्ये बिजागरी, मिटणारे फोन. दार आहे ते, दार. मी आयुष्यभर पडद्याच्या मागे लागलेय आणि शेवटी दारावर बसणार.

जो.ला सांगितलं. त्याने बकासुराला तेल घातलं.

२९ ऑगस्ट
आईला फोन लागेना. म्हणजे फोन चांगला आहे, आईची बोटं त्याला लागत नाहीत. चाळीस वर्षं साड्यांना फॉल लावून बोटांची टोकं अशी झालीत की काचेला ती कळतच नाहीत. पुन्हा पुन्हा दाबते, बोट ओठांना लावून ओलं करते, पुन्हा दाबते. शेवटी म्हणाली, "ह्येका मी दिसणंय नाय काय गो?"

मला लाज वाटली. माझ्याच धंद्यातल्या माणसांनी बनवलेली काच ती.

आज तिच्या पदराला चार गाठी होत्या. काही लक्षात ठेवायचं असलं की ती गाठ मारते, लहानपणापासून बघतेय. हल्ली गाठ राहते आणि काम जातं. "ही कशाची?" विचारलं तर हसली. "गाठ आसा म्हणजे काम आसा. खयचा ता माका इचारू नको."

मी पण हसले. स्वयंपाकघरात गेल्यावर नाही हसले.

७ सप्टेंबर
रविवार. आईला घेऊन आरेला. बाबा दुग्धशाळेच्या गाडीवर होते, तेव्हाचं आमचं क्वार्टर बघायचं होतं तिला. बस झाडांत शिरली की अजूनही कान बंद झाल्यासारखे होतात. क्वार्टर सापडलं नाही. म्हशी सापडल्या. आई एका दगडावर बसून त्यांच्याकडे बघत राहिली.

बाबा दुधाच्या बाटल्यांची झाकणं आणायचे, पातळ, चंदेरी. मी ती पाटीवर ठेवून नखाने सपाट करायचे, सुरकुती न राहील इतकी, आणि उन्हात धरायचे. आपलाच चेहरा त्यात तुकड्यातुकड्यांत हलायचा. वाटायचं, याच्यावर काहीतरी दिसलं पाहिजे. काय ते ठरलेलं नव्हतं. अजूनही नीट ठरलेलं नाही, पण नखं तीच.

१० सप्टेंबर
गाठ. चादरीच्या कोपऱ्याला गाठ!

कोपरा ओढला, वळला, आवळला की चादरीत आखलेल्या, वीज नेणाऱ्या रेघांना कळतंच. मग त्याने ऐकायला लागावं. गाठ मारताना जे बोलाल ते आत. सोडली की ते परत. बटण नको, काच नको, ओलं बोट नको.

जो.: "कॉम्प्युटरला गाठ? यार, आपण आधी चादर तरी जगवूया." पण कोपऱ्याच्या रेघा त्यानेच आखायला घेतल्या.

२६ सप्टेंबर
दहाव्या चादरीच्या कोपऱ्याला जो.ने गाठ मारली आणि आत बोलला, "फिलो, बोंबील आणायला विसरलो, रागावू नको." फिलो त्याची बायको. सोडली. चादर त्याच्याच आवाजात, जरा पाण्याखालून आल्यासारखी, बोंबील आणायला विसरली. आम्ही दोघं लहान पोरांसारखे बघत राहिलो.

मग कोपरा फाटला आणि सगळी चादर विझली. मारताना काही झालं नव्हतं, सोडताना गेला. रेघा सगळ्या तिथूनच निघतात, कोपरा गेला की चादर गेली.

२८ सप्टेंबर
एक ठरवून टाकलं. आत बोललेलं तारा जोडून काढता येता कामा नये. त्याची किल्ली गाठीच्या वळणांतच ठेवलीय. गाठ सोडल्याशिवाय आतलं कोणालाच नाही, मलासुद्धा नाही. जो. म्हणाला, फार हुशारी करतेयस. पण कुणाच्या पदराची गाठ आपण सोडतो का?

१७ ऑक्टोबर
दिवाळीआधीची आवराआवर. आईने कपाट उघडलं. तिच्या तीन रेशमी साड्या बाहेर, उन्हात, मग पुन्हा आत. मी मदत करायला म्हणून एक घेतली आणि होती त्याच घडीवर घातली. हातातून ओढून घेतली माझ्या.

"एकाच जाग्यार घडी घालशीत तर रेशीम फाटतला. सरकवूक व्हयी. बोटभर. दर खेपेक." आणि वर, "येवढी शिकलंस, तुका येवढा कळणा नाय?"

मी साडी हातात घेऊन तशीच बसले. बोटभर.

बकासुर लाख वेळा एकाच रेघेवर मिटतो. एकाच. जगात कोण असं घडी घालतं? दुकानदार, एकदा. बाकी कुणाचाही हात दोनदा त्याच जागी पडत नाही. इतकी वर्षं मी चादरीला विचारतेय की तू दुकानातल्या फळीवर किती दिवस टिकशील. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही मरोळमार्गे.

आईने विचारलं, रडतंस कित्याक. म्हटलं, डोळ्यात डांबरगोळी गेली.

३० ऑक्टोबर
जो. आणि मी बकासुराला शिकवतोय. जबड्याखाली शिलाई मशीनचं जुनं चाक बसवलं, दर मिटण्याला तो बोटभर बाजूला सरकतो. सामंत बघून गेला. "मॅडम, ही टेस्ट नाही. टेस्ट एका रेघेवरच असते." म्हटलं, माहीत आहे.

२१ नोव्हेंबर
अकरावी जगतेय! तीन आठवडे. निम्मं कधीच मागे पडलं. दुपारी खोलीत कोणी नसताना तिच्याकडे बघत बसते. पंख्याने जरा उचलली जाते, पुन्हा बसते. झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसं.

४ डिसेंबर
नवं सुचलं. सरकवायचं यंत्राने का? चादरीनेच हाताला सांगावं. जिथे कालची घडी पडली तिथे ती जरा ताठ होईल, अगदी जरा. मग हात आपोआप बोटभर पलीकडे जाईल आणि माणसाला कळणारही नाही.

जो. फक्त "झकास" म्हणाला, तेही हळू. वीस वर्षांत हे दुसऱ्यांदा.

१९ डिसेंबर
बारावी तयार. ताठ होणारी, पक्क्या कोपऱ्याची. निदान जो. पक्का म्हणतोय. रेघांची चंदेरी शाई तिच्यातच संपली, नवी मार्चशिवाय येत नाही. अकरावीला चाकाशिवाय जमत नाही, म्हणजे फेब्रुवारीला जी काय आहे ती हीच.

आईला सांगत होते. तिने मध्येच विचारलं, "नव्याची घडी कोणाक मोडूक दिलंस?"
"बकासुराला देणार."
"कोण तो?"
"यंत्र गं आमचं."
"यंत्राक? मगे फाटतला नाय तर काय होतला?"

नवी साडी आमच्याकडे आधी दुसरीने नेसायची, बहिणीने, जावेने, जिच्यावर जीव तिने. घडी मोडायला देणं म्हणतात. चाळीतल्या बायका फॉल लावायला साडी घेऊन यायच्या आणि घडीही तूच मोड म्हणायच्या आईला. आई ती तासभर नेसून आमच्या एकाच खोलीत इकडून तिकडे चालायची. परक्याच्या साडीत किती छान दिसायची.

२ जानेवारी
आज तिने मला सुमन म्हणून हाक मारली. सुमन माझी मावशी, जाऊन बारा वर्षं झाली. मी ओ दिली.

८ जानेवारी
पुन्हा सुमन. शैलू म्हणाली त्याला किती दिवस झाले, मोजत नाहीये.

११ जानेवारी
केलं. बारावी घरी आणली, नकाशासारखी गुंडाळून, सामंतला न सांगता. नियम असा की टेस्टच्या नगाला हात लावायचा नाही. पण घडी आईने मोडायची, एवढंच डोक्यात होतं.

मांडीवर पसरली. आईने दोन्ही तळवे त्यावर फिरवले आणि हाताखाली उजेड फिरला. बोटं लागली तिला. ओली न करता. "मऊ आसा," म्हणाली. मग घातली घडी, चौपदरी, ठोकून सारखी केली. अंगावर घेतली आणि खिडकीपासून दारापर्यंत चालून आली. खांद्यावर तिच्या निळसर, दुधाच्या रंगाचं काहीतरी हलत होतं. हे बघायलाच मी या धंद्यात आले होते बहुतेक.

मग कुकर झाला म्हणून मी आत गेले. तीन शिट्ट्या. आई बाहेर पुटपुटत होती, हल्ली पुटपुटतेच. परत आले तर कोपऱ्याला गाठ.

१२ जानेवारी
काल ओरडले तिच्यावर. लिहून ठेवते म्हणजे विसरायला नको. "काय केलंस हे, काय बोललीस आत?" असं. ती घाबरली. म्हणाली, "माका आठवणा नाय." खरंच नव्हतं आठवत.

नंतर तिचे पाय चेपून दिले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, कशासाठी ते तिला माहीत नसावं.

१३ जानेवारी
जो.ने भिंगातून गाठ बघितली. बारीक, घट्ट, दुहेरी. फॉलच्या शेवटच्या टाक्याला ती मारायची तशी. "ही सोडायची म्हणजे, शैला... दहावीचं बघितलंस ना." बघितलं. कोपरा गेला तर चादर गेली, चादर गेली तर खोली गेली. आणि आत जे आहे ते एकदा ऐकू येईल, संपेल.

न सोडता टेस्टला न्यायची? नेऊ. सध्या एवढंच.

२४ जानेवारी
स्वप्न. आरेच्या म्हशींच्या पाठीवर चादरी वाळत घातल्यात आणि प्रत्येकीच्या कोपऱ्याला गाठ. आई एकेक सोडत जातेय. आतून आवाज येतायत, कोणाचं मीठ संपलंय, कोणाच्या मुलाचा निकाल, कोणाला परत फोन करायचाय. सगळे आवाज चाळीतल्या बायकांचे. माझ्या चादरीपाशी येईपर्यंत जाग आली. दिवसभर मीठ संपल्यासारखं वाटत होतं.

६ फेब्रुवारी
सामंतला गाठ दिसली. मी सगळं सांगितलं. डोक्याला हात लावून बसला. "सोडा ती, मॅडम, प्लीज." म्हटलं, माझी नाही ती. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, आई कशा आहेत. त्याचीही गावाला आहे, विसरणारी. हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं.

१२ फेब्रुवारी
आज झालं. बंगळूरचे दोघे पुरुष आणि एक बाई, साठीच्या, त्याच मुख्य. बारावी बकासुरात घातली, नियमाप्रमाणे एका रेघेवर, खालचं चाक काढून. पहिल्या काही घड्या पडल्या. मग चादर रेघेवर ताठ झाली आणि जबड्यातून बोटभर सरकली. जो.ने पुन्हा नीट लावली. पुन्हा सरकली. चारदा. यंत्र हट्टी, चादर त्याहून. शेवटी एका पुरुषाने विचारलं, हिला नापास म्हणायचं की पास? फाटली तर नाहीच. फॉर्मवर दोनच चौकटी होत्या. बाईंनी दोन्ही कोऱ्या ठेवल्या.

मग गाठीला बोट लावून त्यांनी हिंदीत विचारलं, हे काय. मी सांगितलं, आई, पदर, विसरणं, सगळं. सामंत खिडकीबाहेर बघत होता. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडेही बायका गाठ मारतात. त्यांची आजी मारायची.

मग बाईंचा एकदम कामाचा आवाज. जी गाठ सुटत नाही ती काय कामाची? चादर आईंकडे न्या. त्यांच्याच हाताने सोडवा. कोपरा वाचला तर सोमवारी फोन करा, मी हिला पुढे नेते. फाटला तर फोन करू नका.

१३ फेब्रुवारी
सामंतने सांगितलं की वरच्या मजल्यावर माझ्यासाठी टेबल पुसून ठेवलंय. वाईट हेतूने नाही सांगितलं. जो.ने चहा आणला, वाट लागली न म्हणता. त्या न म्हणण्यानेच मी घाबरले.

१४ फेब्रुवारी
आईचा दिवस चांगला नव्हता. चादर दाखवली तर तिने मलाच पांघरली. सोडायचं नाव काढलं नाही मी.

१५ फेब्रुवारी
रविवार, चार वाजलेत. आई खिडकीपाशी, मांडीवर चादर. मी समोर वही घेऊन बसलेय, म्हणजे तिला वाटायला नको की मी बघतेय.

मघाशी तिचं तिलाच दिसलं. "कोणी मारल्यान ही गाठ?"
"तूच."
उजेडाकडे धरून बघितली. "माझीच आसा. दुसऱ्या कोणाक अशी येवची नाय." मग सुई मागितली. जाड, गोधडीची. टोकाकडून नाही, नाकाकडून घातली गाठीत. मला वाटलं होतं हात कापेल. हात कापत नाहीये. मीच ओळ सोडून लिहितेय.

आत काय असेल? बहुतेक गॅसचा नंबर. किंवा नुसत्या कुकरच्या तीन शिट्ट्या.

कोपरा वाचावा असं मला वाटतं, खूप वाटतं, वीस वर्षं आहेत त्यात. पण खरं लिहायचं तर आत्ता मला ती मला नावाने हाक मारतेय असं ऐकायचंय. एकदाच येऊ दे, पाण्याखालून येऊ दे. दोन्ही मागणं फार होतंय का?

पहिला वेढा निघाला. फाटलं नाही. कोपरा जरा उजळलाय, तिच्या बोटांच्या मधून दिसतोय. दुसरा वेढा घट्ट आहे, ती थांबलीय, माझ्याकडे बघतेय.

"ता लिवणा ऱ्हवांदे गो," म्हणते. "हंय ये. ऐक."